आडोशाच्या पाण्यात विसावलेले डॉल्फिन: भिंतीवरचं सिरॅमिक पॅनल, अगदी पहिल्यापासून

डॉल्फिन म्हटलं की दहातले नऊ जण उडी मारणारा डॉल्फिनच करतात, पाठीची कमान, खाली पाण्याचा फवारा, वर सूर्य. गिफ्ट शॉपमध्ये तेच, बाथरूमच्या टाइलवर तेच. मला स्वतःला विश्रांती घेणारा डॉल्फिन जास्त आवडतो आणि मातीत तो जास्त खुलतो असं माझं ठाम मत आहे, कारण सिरॅमिकमध्ये शांत पाणी दाखवायची जी सोय आहे ती रंगात नाही. ग्लेझ, म्हणजे मातीवर लावून भाजल्यावर काचेसारखा होणारा थर, खोलगट जागी साचतं आणि साचलं की तिथे रंग आपोआप गडद होतो, म्हणजे उथळ-खोल पाणी आपल्याला रंगवावं लागत नाही, भट्टीच ते करून देते. हा सगळा लेख त्या एका गोष्टीभोवती आहे. साधारण ३६ बाय २४ सेंटीमीटरचं, भिंतीवर लावायचं उठावाचं पॅनल, स्टोनवेअरमध्ये, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारख्या घट्ट होणाऱ्या मातीत. पुण्यात बसून काय कुठे मिळतं, काय सांभाळायचं, सगळं सांगते.

आधी प्राणी नीट समजून घ्या

ही पायरी सोडू नका, कारण डिझाइन इथेच ठरतं. स्पिनर डॉल्फिन म्हणजे गिरक्या घेत उडणारे, त्यांचं शास्त्रीय नाव स्टेनेला लाँगिरोस्ट्रिस, तोंड लांब आणि निमुळतं. हे रात्री खोल समुद्रात छोटे मासे, कोळंबी, म्हाकुळ खातात आणि दिवसा किनाऱ्याजवळच्या आडोशाच्या पाण्यात येऊन विसावतात. हवाईमधल्या केआलाकेकुआ बेमध्ये केनेथ नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात यांचा खूप बारकाईने अभ्यास केला. सकाळी आत येताना थोड्या उड्या, मग हळूहळू उड्या बंद, कळप आवळत जातो, सगळे एकमेकांना लागून, एकाच दिशेने, एकाच वेगात, बुडताना सगळे मिळून आणि श्वास घ्यायला वर येतानाही सगळे मिळून. डॉल्फिनचा मेंदू अर्धा अर्धा झोपतो, पूर्ण झोपला तर श्वास घ्यायला वर कोण येणार, कारण त्यांचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही. आणि विश्रांतीच्या वेळी ते आवाज काढून वेध घेणं कमी करतात, नजरेवर जास्त भिस्त ठेवतात, म्हणूनच त्यांना पांढुरक्या वाळूचा तळ लागतो, अशा फिकट तळावर शार्क आला तर लगेच दिसतो.

आता यातून डिझाइनसाठी काय मिळालं ते बघा. फवारा नाही, लाटा नाहीत. सगळी शरीरं जवळपास समांतर. मधली अंतरं कमी. आणि खाली फिकट वाळू, जी नुसती दिसायला छान म्हणून नाहीये, डॉल्फिन तिथे येतात त्याचं एक कारणच ती आहे. पॅनलमध्ये वाळूचा भाग मोकळा सोडायला हात धजत नाही, वाटतं तिथे एखादा शंख टाकू, स्टारफिश टाकू, प्रवाळ टाकू. नका टाकू. मोकळी वाळू राहिली तरच कळप सुरक्षित वाटतो.

अजून एक. आपण पुण्याची माणसं डॉल्फिन बघायला तारकर्लीला नाहीतर दापोलीकडे हर्णै-मुरुडला जातो, तिथे बोटीतून जे दिसतात ते बहुतेक वेळा हंपबॅक डॉल्फिन असतात, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटं त्रिकोणी पर. ते वेगळे, हे वेगळे. कोकणातल्या फोटोवरून शरीर घेतलं आणि हवाईच्या निळ्या पाण्यात सोडलं तर जाणकार माणसाला लगेच खटकतं. कोकणातलाच डॉल्फिन करायचा असेल तर जरूर करा, सुंदरच होईल, पण मग पाणीही कोकणातलं हिरवट गढूळ घ्या, ग्लेझचा सगळा हिशोब बदलेल.

रेफरन्ससाठी वरून घेतलेले फोटो शोधा, कड्यावरून किंवा ड्रोनने काढलेले. पाण्यात अगदी जवळून काढलेल्या फोटोंच्या मागे न लागलेलं बरं, कारण दिवसा पोहायला आणि बोटींमधून येणाऱ्या लोकांमुळे या डॉल्फिनची झोपमोड होते, म्हणून तर अमेरिकेने २०२१ मध्ये नियम केला की हवाईच्या किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या, म्हणजे साधारण ४५ मीटरच्या, आत जायचं नाही. वरून बघितलं की शरीर चातीसारखं दिसतं, दोन्हीकडे निमुळतं, सगळ्यात रुंद भाग मध्याच्या थोडा पुढे, पाठीवरचं पर फक्त एक बारीक रेघ, आणि शेपटी पूर्ण पसरलेली. शेपटी आडवी असते हे विसरायचं नाही, माशाची उभी, डॉल्फिनची आडवी. वरून बघण्याचा मोठा फायदा हा की डोळे दिसत नाहीत, त्यामुळे चेहऱ्यावर ते कार्टूनछाप हसू येतच नाही.

माती आणि सामान

कसबा पेठेत कुंभारवाड्यात मिळते ती लाल माती कुंड्या-पणत्यांची, ती साधारण हजार अंशाच्या आसपास भाजायची, स्टोनवेअरच्या तापमानाला गेली तर ती वाकते, वितळते. तिचं वेगळं सौंदर्य आहे पण या कामाला आपल्याला बफ किंवा पांढरी स्टोनवेअर माती हवी, कोन ६ ची (कोन म्हणजे भट्टीतल्या भाजणीचं माप), म्हणजे साधारण १२२० ते १२४० अंश, आणि त्यात थोडा ग्रॉग, म्हणजे भाजून कुटलेल्या मातीचा चुरा, असला तर फारच उत्तम, कारण ग्रॉगमुळे सपाट तुकडे कमी वाकतात. मातीच्या ऑनलाइन दुकानांतून किंवा शहरातल्या पॉटरी स्टुडिओंमधून पाच किलोची पिशवी घ्या, पुरते.

गणपतीच्या वर्कशॉपमधली शाडू बऱ्याच घरांत उरलेली असते. तिच्यात भाजणीचं काम करू नका, पण सरावाला ती एकदम भारी आहे. मी आधी शाडूत दोन-तीन डॉल्फिन करून बघायला सांगते सगळ्यांना, आकार हातात बसतो आणि महागाची माती वाया जात नाही. फक्त शाडूचा चुरा स्टोनवेअरमध्ये मिसळू देऊ नका, टेबल पुसून मगच पुढचं काम.

बाकी सामान रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. दहा मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या, दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइपचा दीड-दोन फूट तुकडा (घरातलं लाटणं आखूड पडतं), मांजरपाटाचा कपडा, स्पंज, सुई, जुनी एटीएम कार्डं, पातळ फोमची शीट. शिवाय लूप टूल, म्हणजे माती खरवडून काढायचं तारेच्या कड्याचं हत्यार, ते ऑनलाइन घ्या. आणि वाळवताना फार कामाला येणारी एक गोष्ट, फॉल्स सीलिंगवाल्यांकडे जिप्सम बोर्डाचे तुकडे उरलेले असतात, मागितले की मिळतात, त्यांच्या कडांना चिकटपट्टी नक्की लावा म्हणजे प्लास्टरचा कण मातीत जाणार नाही. कण गेला तर भाजल्यावर महिन्यांनीसुद्धा तिथे टवका उडू शकतो.

आकारमानाचा हिशोब

माती वाळताना आणि भाजताना आकसते. पिशवीवर लिहिलेलं असतं, समजा १२ टक्के. मग तयार पॅनल ३६ सेंटीमीटर हवं असेल तर ३६ भागिले ०.८८, म्हणजे ४१. उंची २४ हवी तर साधारण २७.३. कागदावर ४१ बाय २७.३ चं ड्रॉइंग खऱ्या मापात काढा. एक डॉल्फिन ओल्या मातीत साडेबारा सेंटीमीटर लांब धरला तर भाजून अकरा राहतो, रुंदी लांबीच्या साधारण सहाव्या भागाइतकी, शेपटीचा पसारा लांबीच्या पाव.

सात डॉल्फिन घ्या, त्यात एक आई-पिल्लाची जोडी, पिल्लू आईच्या निम्म्याहून लहान आणि तिच्या कुशीला अगदी चिकटून, थोडं मागे. सगळ्यांचा कोन एक ठेवा पण फूटपट्टीने आखल्यासारखा नको, दोन-चार अंशांचा फरक हवाच. कळप पॅनलच्या मधोमध बसवू नका, एका बाजूला घ्या, उरलेल्या भागात किनाऱ्याची वळणदार रेषा आणि मोकळी वाळू. एकाच्या पाठीवरच्या पराला बारीकशी खाच द्या, खऱ्या डॉल्फिनच्या परावर अशा खाचा असतात आणि अभ्यासक त्यावरूनच कोण कोणता ते ओळखतात.

एवढा मोठा एक तुकडा सपाट वाळवणं अवघड जातं म्हणून पॅनलचे पाच-सहा तुकडे करायचे. चौकोनी कापू शकता, सोपं पडतं, पण मला चौकोनी कापणी इथे आवडत नाही कारण रेघ नेमकी कुणाच्यातरी मानेवरून जाते. किनाऱ्याच्या वळणाला धरून कापा, जिथे वाळू संपते आणि पाणी सुरू होतं तिथून, मग सांधा हा चित्राचाच भाग होतो. फक्त फार अरुंद टोकं ठेवू नका, ती वाकतात.

लादी लाटणं

माती नीट मळून, हवा काढून, मांजरपाटावर दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवा आणि पाइपने लाटा. एका दिशेने चार वेळा, मग उचलून उलटी करून दुसऱ्या दिशेने, असं करत करत. एकाच दिशेने लाटत राहिलात तर माती ती दिशा लक्षात ठेवते आणि भट्टीत तिकडेच वाकते, हे खरंच होतं. शेवटी जुन्या एटीएम कार्डाने दोन्ही बाजूंनी दाबून दाबून घासा. लादी उचलताना कपड्यासकट उचला, कोपरा धरून कधीच नाही.

ड्रॉइंग वर ठेवून सुईने हलकं टोचून रेषा उतरवा. आता खरा खेळ, पाण्याचा तळ कोरायचा. किनाऱ्याजवळ काहीच कोरायचं नाही, मग हळूहळू आत जात अर्धा मिलिमीटर, एक, दोन, आणि सगळ्यात खोल जागी तीन. पायरी दिसता कामा नये, उतार हवा, बोट फिरवलं तर कळतही नाही इतका हळू. वाळूच्या भागात ओल्या ब्रशने किंवा दातऱ्या पट्टीने अगदी बारीक लहरी ओढा, पाण्याखालची वाळू अशीच लहरीलहरी असते. पाण्याच्या भागात मात्र काही टेक्स्चर नको.

डॉल्फिन करणं आणि चिकटवणं

प्रत्येक डॉल्फिनसाठी मातीची चात वळा, खालून सपाट, वर जास्तीत जास्त बारा मिलिमीटर उंच. सगळे एकाच उंचीचे नको! जो श्वास घ्यायला वर आलाय तो बारा, जे खाली आहेत ते आठ, सहा, आणि एखादा तर फक्त चार, नुसती सावली असल्यासारखा. ही उंचीच खोली दाखवते. निमुळतं तोंड शेवटी ओढा, शेपटी वेगळी कापून जोडा आणि तिच्या मध्यावर बारीक खाच. पोटाजवळचे दोन्ही पर अंगाला चिकटून मागे झुकलेले ठेवा. डोक्यावर मध्यभागी श्वासाचं छिद्र, सुईने नुसता एक ठिपका.

लादी आणि डॉल्फिन दोन्ही लेदर हार्ड झाले, म्हणजे दाबलं तर ठसा उमटतो पण आकार मोडत नाही, की चिकटवायचं. दोन्हीकडे सुईने आडव्या-उभ्या रेघा मारा, त्याच मातीची धिरड्याच्या पिठाइतकी सरसरीत स्लिप लावा, दाबून बसवा, किंचित सरकवा म्हणजे हवा निघते, कडेला बारीक मातीची सुतळी भरून लाकडी टोकाने गुळगुळीत करा. खालच्या डॉल्फिनची कड पाण्यात विरघळल्यासारखी करा, वरच्याची धारदार राहू द्या.

दुसऱ्या दिवशी सगळं थोडं घट्ट झालं की फोमवर उपडं करून मागून लूप टूलने डॉल्फिनच्या पोटाखालची जास्तीची माती काढा, सगळीकडे जाडी आठ-नऊ मिलिमीटर राहील अशी. जाड भाग आत ओला राहतो आणि भट्टीत ती वाफ तुकडा फोडते. मागे काट्याने थोड्या रेघाही मारून ठेवा, पुढे चिकटवताना उपयोगी.

मग वळणावर सुरीने तुकडे कापा. तुकडे केल्यावर स्लिपने रंग: पांढऱ्या मातीच्या स्लिपमध्ये काळा सिरॅमिक स्टेन, सुक्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांत राखाडी, आठ-दहा टक्क्यांत जवळपास काळा. पाठीवर गडद पट्टा, कुशीला फिकट राखाडी, दोन्हींमधली रेघ मऊ. स्पिनरचं पोट पांढरं असतं पण वरून ते दिसत नाही, त्यामुळे पांढऱ्याचा मोह नको.

वाळवणं

इथे घाई केली की सगळं मुसळ केरात. दोन जिप्सम बोर्डांच्या मध्ये पट्ट्यांच्या आधाराने ठेवता आलं तर उत्तम, उठाव असलेल्या तुकड्यांवर बोर्ड बसत नाही, तिथे खाली बोर्ड आणि कडांवर प्लास्टिकच्या पट्ट्या, कारण कडा आधी वाळतात आणि मग वर उचलल्या जातात. पुण्यात एप्रिल-मे मध्ये दुपारचा कोरडा वारा गॅलरीतून आत आला की तासाभरात कडा वळतात, तेव्हा खिडकी बंद, वर वर्तमानपत्र, त्यावर सैल प्लास्टिक. पावसाळ्यात उलटं, आठवडा झाला तरी आत ओल असते. हातापेक्षा गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून ओलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दोन आठवडे सहज धरून चाला.

पहिली भाजणी

घरी भट्टी नसते हे गृहीत धरते. पुण्यात बरेच स्टुडिओ बाहेरच्या लोकांचं काम भाजून देतात, पण आधी फोनवर तीन गोष्टी विचारा: कोन ६ ला भाजता का, स्वतः कालवलेलं ग्लेझ चालतं का, आणि शेल्फची लांबी-रुंदी किती, कारण आपले तुकडे आडवेच ठेवावे लागणार. "दादा, उभे करून कडेला टेकवून ठेवू का" असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा, वाकतीलच.

बिस्क, म्हणजे ग्लेझ लावायच्या आधीची ही भाजणी, साधारण हजार अंशाला. सुरुवातीला शंभरच्या आत काही तास धरून ठेवायला सांगा, आणि ५७३ अंशाच्या आसपास हळू जायला, त्या तापमानाला मातीतला क्वार्ट्झ एकदम फुगतो, थंड होताना तसाच एकदम आकसतो, सपाट रुंद तुकड्यांना चिरा बहुतेक तिथेच जातात. शेल्फवर तुकड्याखाली अ‍ॅल्युमिना हायड्रेट किंवा बारीक ग्रॉग भुरभुरलेला असावा म्हणजे आकसताना तुकडा मोकळेपणाने सरकतो.

ग्लेझ, आणि इथे जरा थांबा

तयार ग्लेझ घेतलंत तरी चालेल, अर्धपारदर्शक निळसर सेलाडॉन मागा. स्वतः करायचं असेल तर कोन ६ साठी एक सोपा पारदर्शक बेस आहे, पाच गोष्टी समान भागात, प्रत्येकी २० टक्के: पोटॅश फेल्डस्पार, वोलॅस्टोनाइट, केओलिन, सिलिका आणि फ्रिट ३१३४ (फ्रिट म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच). आपल्याकडचा फेल्डस्पार वेगळा असतो म्हणून टेस्ट केल्याशिवाय पॅनलवर लावायचं नाही.

रंगासाठी कोबाल्ट कार्बोनेट. फार जहाल असतं हे. पाव टक्क्यात फिकट निळा, एक टक्क्यात चांगला निळा, दोन टक्क्यांत शाईसारखा. आपल्याला पाव टक्का पुरे, म्हणजे शंभर ग्रॅम सुक्या मिश्रणाला पाव ग्रॅम, त्याला सोनाराकडे असतो तसला छोटा काटा लागतो, किचनचा काटा उपयोगाचा नाही. सोबत एक टक्का कॉपर कार्बोनेट घातलं तर निळा हिरवटाकडे झुकतो, जो उथळ समुद्राचा रंग आहे. नुसतं कॉपर या बेसमध्ये हिरवं होतं, फिरोजी होत नाही, त्याला सोडियमवालं वेगळं ग्लेझ लागतं.

सगळी पावडर हाताळताना एन९५ मास्क, आणि हे मी मनापासून सांगतेय, सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन बसते, निघत नाही. स्वयंपाकघरात हे काम नको. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. पंखा बंद.

शंभर ग्रॅमला ऐंशी-नव्वद मिली पाणी, मग ८० मेशच्या चाळणीतून दोनदा. टेस्टसाठी सपाट तुकडे नकोत, ज्यात एक, दोन आणि तीन मिलिमीटर कोरलेले खड्डे आहेत असे छोटे तुकडे आधीच करून ठेवा. भाजून आले की उजेडात धरून बघा, काठावर ग्लेझ जवळजवळ रंगहीन, खालची वाळूची रेघ न् रेघ दिसते, आणि दोन बोटं पुढे तेच ग्लेझ निळं, अजून पुढे गडद. ज्या टेस्टमध्ये हा उतार तुटक न दिसता सलग दिसतो ते प्रमाण पॅनलला.

पॅनलवर आता ग्लेझ ब्रशने तीन थरात, खोल भागात चौथा थर. पाण्याखालच्या डॉल्फिनवरूनही तेच ग्लेझ न्या, अगदी पातळ, थांबू नका, म्हणजे ते खरोखर पाण्याच्या आत दिसतात. सगळ्यात वर आलेल्या एकाच्या पाठीवर मात्र ग्लेझ नको, ओल्या स्पंजने पुसून टाका, तिथे नुसती स्लिपची मॅट पाठ राहू दे, पाण्याबाहेर आलेली. वाळूचा कोरडा भागही बिनग्लेझचा, बफ माती भाजून जशी येते तीच वाळू. त्यावर कडेने मेणाचा हात फिरवून मग ग्लेझ केलंत तर रेष स्वच्छ येते. मागची बाजू आणि कडेचे दोन-तीन मिलिमीटर पुसून काढा, नाहीतर तुकडा शेल्फला चिकटेल आणि स्टुडिओवाल्यांची शेल्फ जाईल.

खोल भागात फार जाडही नको. जास्त जाड ग्लेझ वाळतानाच तडकतं आणि भाजताना गोळा होऊन खाली माती उघडी पडते. सुईने टोचून बघा, दीड मिलिमीटरच्या वर थर नको.

दुसरी भाजणी कोन ६, आणि भट्टी शंभरच्या खाली आल्याशिवाय उघडू नका म्हणावं.

भिंतीवर लावणं

भाड्याच्या फ्लॅटमध्ये थेट भिंतीला चिकटवू नका. बारा मिलिमीटरच्या मरीन प्लायवर तुकडे आधी कोरडेच मांडून बघा, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट, मग इपॉक्सीने चिकटवा. फटीत ग्राउट भरायचं असेल तर वाळूच्या रंगाचं, पांढरं नको, ते डोळ्यात जातं. प्लायच्या मागे पंचेचाळीस अंशात कापलेली लाकडी पट्टी आणि तिची जोडीदार भिंतीवर, एकीवर दुसरी अडकते, सगळं मिळून चार-पाच किलो सहज पेलतं आणि घर बदलताना दोन स्क्रू काढले की झालं. टेरेसवर किंवा बाथरूममध्ये लावायचं असेल तर प्लायऐवजी सिमेंट बोर्ड आणि टाइल अ‍ॅडेझिव्ह.

समोरून ट्यूबलाइटचा उजेड पडेल अशी जागा टाळा, उठाव मरतो आणि ग्लेझवर नुसती चकाकी येते. खिडकीच्या बाजूची भिंत बघा, आडवा उजेड हवा, तो डॉल्फिनच्या एका कुशीला लागतो आणि चार मिलिमीटरवालासुद्धा दिसायला लागतो. वाळूच्या बिनग्लेझ भागावर धूळ बसते, महिन्यातून एकदा मऊ कोरड्या ब्रशने झटका, तेलकट हाताने पुसू नका, डाग पटकन निघत नाहीत.